ग्रीकांपासून सुरुवात कशाला?

शाळेतल्या कलाशिक्षणावरच्या एका लेखात म्हटलंय की नववी-दहावीला पाश्चात्त्य कलेचा इतिहास ग्रीकांपासून क्रमाने शिकवावा, हे काही पटलं नाही बुवा. क्रमाने गेलात तर वर्ष संपेपर्यंत पोरं रोमन खांबांतच अडकतात आणि इम्प्रेशनिझम (एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच चित्रशैली) राहतोच. मी बडोद्यात चित्रकलेचे क्लास घेते, माझं म्हणणं आधी दोन चित्रं शेजारी ठेवा आणि गप्प बसा. दोन्ही इटालियन चित्रकारांची भित्तिचित्रं: जोत्तोचं पादुआच्या चॅपेलमधलं एखादं, साधारण १३०५ चं, आणि मासाच्चोचं फ्लॉरेन्समधलं ट्रिनिटी, म्हणजे क्रुसावरच्या येशूचं, १४२७ च्या आसपासचं. पोरं स्वतःच म्हणतात की दुसऱ्यात भिंतीच्या आत खरी खोली असल्यासारखं वाटतंय, मग पट्टी घेऊन छताच्या रेषा खाली वाढवायला लावायच्या, सगळ्या क्रुसाच्या पायथ्याजवळ एका बिंदूत येतात, झालं की पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट चित्रात खोली दाखवायची रीत, शिकवून!

आणि बडोद्याच्या शाळांनी तर साधनं नाहीत म्हणूच नये. सयाजीबागेतल्या म्युझियमच्या पिक्चर गॅलरीत खरी युरोपियन तैलचित्रं आहेत, सयाजीरावांनी जमवलेली, पण सहली सगळ्या देवमाशाचा सांगाडा बघून (भारी आहे तो, मान्य) बाहेर पळतात. फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्मा आहे, तैलरंग आणि छायाप्रकाश युरोपचा, साड्या-दागिने आपले, दहावीच्या पोराला यापेक्षा सोपं काय दाखवणार?

परीक्षेत सनावळ्या नकोत, न पाहिलेलं चित्र द्या आणि काय दिसतं ते लिहायला सांगा. तपासताना सरांना जरा डोकं लावावं लागेल, लागू दे की.