सूप महाग आहे म्हणे

आज काही लिहायचं नव्हतं. रविवार संपत आलाय, उद्याच्या डब्यांची तयारी व्हायचीय. पण मघाशी व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडला, ‘काही जणांना व्हिएतनामी लोकांचा फारच पुळका आलाय बुवा’, आणि पुढे हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग. काही जण म्हणजे मी. तर मग होऊनच जाऊ दे.

झालं असं, की दुपारी मराठी नाटकाचा प्रयोग पाहून आम्ही सात-आठ जण मेलबर्न सिटीतल्या एका गल्लीत नव्याने निघालेल्या व्हिएतनामी कॅफेत जेवायला गेलो. काचेचं दार, लाकडी बाकं, भिंतीवर गुलाबी निऑन, कुंड्यांतून लोंबणारी झाडं. मी चिकन फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप घेतलं, कोणी बान मी, म्हणजे पावात भरलेलं सँडविच, कोणी नुसतीच कंडेन्स्ड मिल्कची कॉफी. गप्पा रंगल्या होत्या. बिल आलं आणि आमचे एक मित्रवर्य पेटले. फो 24 डॉलर, वर रविवारचा 10 टक्के सरचार्ज, म्हणजे जादा आकार. काउंटरवरच्या कोवळ्या पोरीला सगळ्यांदेखत म्हणाले, उकळलेल्या पाण्याचे आणि शेवयांचे एवढे पैसे? फुट्सक्रेला याच्या दुप्पट वाडगा पंधराला मिळतो! (फुट्सक्रे म्हणजे मेलबर्नचंच व्हिएतनामी वस्तीचं उपनगर.) ती ‘सॉरी, सॉरी’ म्हणत राहिली. मी म्हटलं, पुरे झालं, बिल मी भरते. एवढ्यावरून पुळका.

उकळलेलं पाणी! अहो, कोल्हापूरचे ना तुम्ही? पांढऱ्या रश्श्याला कोणी उकळलेलं पाणी म्हटलं तर ताट भिरकावाल. फोचा रस्सा म्हणजे हाडं आधी एक उकळी काढून धुवायची, ते पाणी ओतून द्यायचं. मग नव्या पाण्यात मंद आचेवर ठेवायची. चिकनचा तुलनेने लवकर होतो, बीफच्या हाडांना रात्र जाते. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजायचं. चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलदोडा कोरडाच परतून घालायचा. वर येणारा फेस कोणीतरी उभं राहून काढत राहायचा, कारण एकदा का खळखळून उकळला की रस्सा गढूळ झालाच. एवढं सगळं करून वाडग्यात दिसतं काय, तर तळ दिसेल असा नितळ रस्सा. म्हणून पाणी वाटलं तुम्हाला.

मला एवढा राग का आला, ते सांगते. 2008 साली इथे शिकायला आले तेव्हा मी एका भारतीय रेस्टॉरंटच्या किचनमध्ये काम करायचे. नाव घेणार नाही. मालक आपलाच माणूस. तासाला 8 डॉलर, रोख. कायद्याने तेव्हा 14च्या आसपास द्यायला हवे होते, पण ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी बोलले नसते, कारण फी भरायची होती. जुलैच्या थंडीत कोथिंबिरीच्या जुड्या गार पाण्यात धुवायच्या. बोटं अशी बधीर व्हायची की सुरी लागली तरी रक्त दिसेपर्यंत कळायचं नाही. बाहेर पाटी, थाळी 9.90. आणि बाहेर बसलेले लोक म्हणायचे, काय स्वस्त आणि मस्त आहे हो इथे! ती स्वस्ताई माझ्या खिशातून जात होती.

तेव्हापासून स्वस्त जेवण समोर आलं की माझं लक्ष किचनच्या दाराकडे जातं. काय करू, जात नाही ती सवय.

फुट्सक्रेचे सगळे दुकानदार लबाड आहेत असं म्हणत नाहीये मी, लगेच धावून येऊ नका. तिथली गोष्ट वेगळी आहे. 30 एप्रिल 1975ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगॉन कम्युनिस्टांच्या हाती पडली, माणसं मिळेल त्या बोटीत बसून निघाली. इथे पोचलेल्यांना मॅरिबर्नाँगच्या आणि स्प्रिंगव्हेलच्या स्थलांतरितांसाठीच्या हॉस्टेलांत ठेवलं, म्हणून फुट्सक्रे, स्प्रिंगव्हेल या भागांत त्यांची वस्ती वाढली. त्या पिढीने कारखान्यांत काम केलं, घरी मशीन ठेवून नगावर कपडे शिवले, आणि हॉटेलं काढली. त्यात आजी भाज्या निवडते, आई रश्श्याशी, बाबा गल्ल्यावर, पोरं शाळेतून आली की टेबलं पुसतात आणि त्याच टेबलांवर गृहपाठ करतात. पगारपत्रकावर यातलं कोण असतं? भाडं जुनं, कष्ट घरचे, म्हणून वाडगा पंधराला पडतो. आता त्यांची नातवंडं सिटीत कॅफे काढतायत आणि कामाला माणसं ठेवतायत. जुलै 2025ला किमान वेतनच तासाला 24.95 डॉलर झालं, रविवारी त्याहून जास्त, वर सुपर, म्हणजे मालकाने भरायची निवृत्तीची रक्कम. आजी फुकट राबायची तो भाव तुम्हाला नातीकडूनही हवाय.

आणि तुम्हाला म्हणजे कोणाला? पावाच्या तुकड्यावर अव्होकाडो फासून वर अंडं ठेवलं की 26 डॉलर मुकाट्याने देणाऱ्यांना! तिथे सरचार्ज लागला तर बोलता? इटालियन हॉटेलात पास्त्याचे 32 देताना ‘उकडलेला मैदा’ म्हणालात का कधी? नाही. तिथे मेनू कार्ड हातात घेऊन मान डोलावता. आशियाई माणूस समोर दिसला की मात्र आपल्यातला मंडईतला गिऱ्हाईक जागा होतो. मग गणपतीत आपल्याच स्टॉलवर वडापाव 7 डॉलरला विकतो तेव्हा तो कुठे झोपलेला असतो?

बरं, मान्य. चिकनचे काप मोजके होते आणि तुळशीच्या दोनच काड्या, फुट्सक्रेला अख्खी जुडी ठेवतात. चवीलाही तिकडचा फो उजवा, हे मी शपथेवर सांगेन. आणि महाग हॉटेल म्हणजे पगार चोख असंही नसतं, याच शहरात नावाजलेल्या शेफची हॉटेलं पगार बुडवताना पकडली गेलीत. ठीक आहे. म्हणून त्या पोरीला सगळ्यांसमोर झापायचं?

‘हे ओरिजिनल नाही’ हा शेरा मारणाऱ्या ताईंना एवढंच, की फो जन्मला उत्तरेत, नाम दिन्ह आणि हनोईकडे, फ्रेंच अमलात. 1954ला देशाची फाळणी झाल्यावर उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत गेले आणि तो त्यांच्याबरोबर सायगॉनला नव्याने रुजला. तिथे त्याला मोड, तुळस, गोडसर सॉस मिळाला. बान मीचा पाव तर फ्रेंचांचाच. आणि पोर्तुगीजांच्या पावात वडा घालून खाणाऱ्यांनी ओरिजिनलच्या गप्पा जरा जपून माराव्यात.

एवढं टाइप करून चहा ठेवला, जरा थंड झाले. त्या मालकाचं अजून एक सांगायचं राहिलं. त्याची बायको दर शुक्रवारी मला वरण-भाताचा डबा बांधून द्यायची. पोरी, वाळली आहेस किती, म्हणायची. वरणात हिंग-जिऱ्याची फोडणी, वर तुपाचा गोळा. मी रात्रीच्या ट्रेनमध्ये झाकण किलकिलं करून वास घ्यायचे. त्यामुळे त्या माणसाचा धड तिरस्कारही करता आला नाही. बाईंना आम्हाला काय मिळतं ते ठाऊक होतं की नाही, कोण जाणे. डबा मात्र कधी चुकला नाही. पण त्या वरण-भाताने तासाचे बुडालेले 6 डॉलर भरून निघत नाहीत, हेही तितकंच खरं. माया वेगळी, हिशेब वेगळा.

मित्रवर्य, तुम्ही हे वाचताय हे मला ठाऊक आहे. तुमचा स्वभाव वाईट नाही. कोविडमध्ये आमच्या दारात किराणा तुम्हीच ठेवून गेला होतात. पण आज त्या पोरीच्या जागी तुमची लेक असती तर? ती पण जातेच ना शनिवार-रविवार कॅफेत कामाला? तिच्या वाढीव दराचं कौतुक तुम्हीच सांगत होतात नाटकाच्या मध्यंतरात! ते पैसे कुठून येतात असं वाटलं तुम्हाला?

असो. त्या कॅफेत बान सेओ पण मिळतं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, हळद, आत मूगडाळ, मोड आणि कोळंबी. कडा जाळीदार कुरकुरीत. तुकडा तोडायचा, सॅलडच्या पानात पुदिन्यासकट गुंडाळायचा, सॉसमध्ये बुडवायचा. आज पोटात जागा नव्हती. पुढच्या रविवारी, हो, रविवारीच, जातेय. गाडीत तीन जागा आहेत, कमेंटमध्ये हात वर करा. बिल समान वाटून. मित्रवर्य, तुम्हीही या, काउंटरवर पैसे द्यायला तुम्हालाच पाठवणार आहे.