दीड सूत

काल एका प्लंबरने माझ्या बेस गिटारचं सेटिंग करून दिलं. बँडमधल्या कोणाला हे अजून सांगितलेलं नाही. तो आला होता न्हाणीघरातल्या नळासाठी. नळ अजून गळतोय.

मूळ तक्रार एवढीच होती की ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर, म्हणजे बेसच्या मानेवर (त्या लांब दांड्यावर) आडव्या बसवलेल्या पाचव्या धातूच्या पट्टीपाशी, बोट दाबलं की झर्रर्र असा आवाज यायचा. चौथ्यावर नाही, सहाव्यावर नाही, नेमका पाचव्यावर. तिथे ए हा सूर लागतो, ५५ हर्ट्झचा, आणि आमच्या निम्म्या गाण्यांना त्याच्यावाचून पुढे सरकता येत नाही. गाणारा दम खायला थांबला की ए, ड्रमवाला चुकला की ए. असा सूर झरझरायला लागला की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मी सकाळी नवाला बेस मांडीवर घेतला. प्लंबर साडेअकराला आला. मधल्या अडीच तासांत मी काय केलं, ते जमेल तितक्या थोडक्यात सांगतो, कारण त्यात अभिमानाने सांगण्यासारखं काही नाही.

बेस लावायचा म्हणजे तीन गोष्टी जमवायच्या: मानेचा बाक, तारांची उंची आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर. बाक बदलला की उंची बदलते. उंची बदलली की सूर सरकतो. सूर धरायला ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तार जिच्यावर टेकते ती छोटी घोडी, मागेपुढे करावी, तर तारेचा ताण बदलतो, की पुन्हा ट्यूनर, पुन्हा बाक, पुन्हा पहिल्यापासून. चादर लहान आणि पलंग मोठा असला की एक कोपरा खोचताना दुसरा सुटतो, तसं. फरक इतकाच की चादर निदान झरझरत नाही.

यावर जे जे मार्गदर्शन मिळतं ते सगळं मी वाचलेलं आहे. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच: शंका वाटल्यास तज्ज्ञाला दाखवा. अहो, शंका नसती तर वाचत कशाला बसलो असतो? आणि तज्ज्ञालाही दाखवून झालंय. मागच्या खेपेला त्याने बेस तीन आठवडे ठेवून घेतला आणि परत देताना "मान जरा ढिली होती" एवढंच म्हणाला, डॉक्टर "व्हायरल आहे" म्हणतात त्या सुरात. त्या तीन आठवड्यांत मी तालमीला मागून आणलेला बेस वाजवत होतो आणि त्याच्या मालकाची सासुरवाशिणीसारखी बोलणी खात होतो. तेव्हाच ठरवलं होतं, पुन्हा कोणाच्या दारात जायचं नाही.

तर अडीच तासांत मी ई तारेचं सॅडल वर उचललं. झरझर कायम. आणखी उचललं. आता तार इतकी उंच झाली की दाबायला बोटाऐवजी अंगठा लागेल, तरी झरझर कायम. म्हणजे दोष उंचीत नाही, बाकात. मान फार सरळ झाली असणार. ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, ढिला करायला हवा. निदान शास्त्रशुद्ध होतं, पुस्तकात छापण्यासारखं. ते चुकीचं निघालं हा भाग वेगळा.

ट्रस रॉडला अ‍ॅलन की, म्हणजे षटकोनी किल्ली, लागते. माझ्याकडच्या जुडग्यातली ५ मिलिमीटरची आत जाईना, आणि ४.५ ची आत जाऊन नुसतीच फिरायला लागली. बेसबरोबर आलेली मूळ किल्ली गेली दोन वर्षं बेपत्ता आहे. मी साडेचारची किल्ली तिरकी धरून, ओठ चावून, आता लागेल, आता लागेल म्हणत होतो. एवढ्यात दारातून आवाज आला.

"साहेब, स्लिप होतेय."

प्लंबर केव्हाचा उभा होता कोण जाणे. पोऱ्याला त्याने वायसर आणायला पिटाळलं होतं आणि तो येईपर्यंत त्याला काम नव्हतं. दुसऱ्याला चुकीच्या किल्लीने नट फिरवताना बघणं त्या माणसाला शारीरिक त्रासाचं होत असावं, कारण त्याचा उजवा हात आपोआप पुढे आला होता.

"माहीत आहे," मी म्हटलं.

"जोर नका लावू. आतले कोपरे मरतील. एकदा का गोल झालं, की मग ते ब्रह्मदेवालाही फिरायचं नाही."

मी हात थांबवला. हे खरं होतं म्हणून जास्त राग आला.

तो आत आला, उकिडवा बसला, आणि मानेच्या टोकातल्या त्या भोकात एक डोळा मिटून बघितलं. "हे तुमच्या मिलिमीटरमधलं नाही. सुतातलं आहे. दीड सूत."

मी हसलो. मग मनातल्या मनात हिशेब केला आणि हसू आवरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दीड सूत म्हणजे ३/१६ इंच, म्हणजे ४.७६ मिलिमीटर. माझ्या साडेचारपेक्षा पाव मिलिमीटर जास्त, पाचापेक्षा पाव मिलिमीटर कमी. जे मला दोन वर्षांत समजलं नव्हतं ते त्याने उकिडवं बसून एका डोळ्याने मोजलं होतं.

त्याने पिशवीतून काळीकुट्ट किल्ली काढली. पण दिली नाही. "आधी सांगा, हे फिरवल्यावर होतं काय?"

माझ्याच घरात माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. मी सांगितलं, की या चार तारा मिळून मानेला पंचाहत्तरेक किलोने ओढत असतात.

"एवढ्याशा लाकडाला?" त्याने मानेकडे पाहिलं, मग मला डोक्यापासून पायापर्यंत नजरेने तोललं. "म्हणजे तुम्हीच लोंबकळताय म्हणा की याला."

"तसंच. म्हणून आत लोखंडी सळई असते. ती आवळली की मान मागे ओढली जाते, ढिली केली की तारा तिला पुढे वाकवतात."

"मग मान सरळ पाहिजे."

"नाही. किंचित वाकडी."

या वाक्यानंतर लोक ज्या नजरेने बघतात ती मला पाठ आहे. मेव्हण्याची, शेजाऱ्यांची, खुद्द आमच्या गिटारवाल्याची. हा मात्र समाधानाने मान डोलवायला लागला. "बरोबर. उतार लागतोच. लेव्हलमध्ये पाइप टाकला की पाणी तुंबणार."

मी म्हटलं, इथे पाण्याचा संबंध नाही. तार मधोमध सगळ्यात जास्त हलते, तिला हलायला जागा हवी, म्हणून मधे किंचित खोलगट ठेवायचं.

"तेच म्हणतोय मी."

ते तेच नव्हतं. पण वाद घालावा तर किल्ली त्याच्या हातात.

"उतार किती?"

"पॉइंट तीन."

"मीटरला?"

"एकूण. पॉइंट तीन मिलिमीटर. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून धरायचा आणि सातव्या-आठव्यापाशी तारेखाली मोजायचं." मी फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या साधनाची, पात दाखवली, व्हिजिटिंग कार्डाएवढ्या जाडीची. त्याने ती उजेडात धरली, बोटांनी वाकवली, परत दिली.

"आणि हे तुम्हाला ऐकू येतं?"

"येतं," मी म्हटलं. खोटं बोललो.

(खरं तर मला तेव्हा जेम्स जेमरसन आठवायला हवा होता. साठच्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांमागे या माणसाचा बेस आहे. जाडजूड गुळगुळीत तारा, त्याही चांगल्या उंच, आणि वाजवायचं एकाच तर्जनीने. तार तुटेपर्यंत बदलायची नाही, हा त्याचा शिरस्ता. आज तो बेस कोणी माझ्या हातात दिला तर मी आधी फीलर गेज काढीन. गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरचीही गंमत बघा. १९५१ साली त्याने फ्रेटवाला बेस काढला आणि नाव ठेवलं प्रिसिजन. उभ्या डबल बेसवर बोट अंदाजाने पडतं. इथे फ्रेटमुळे सूर नेमका मिळणार, म्हणून प्रिसिजन. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. येत असती तर असलं नाव ठेवायला तो धजावला नसता.)

प्लंबरने कानामागची पेन्सिल काढली, नटाच्या कडेला आणि लाकडाला मिळून एक बारीक रेघ ओढली, आणि मगच किल्ली घातली. टक्कन बसली. पाव फेरा, घड्याळाच्या उलट. "आता वाजवा."

वाजवलं. मान छान वाकली होती, तारा आणखी वर गेल्या होत्या. आणि झर्रर्र.

आतून बायकोने विचारलं, "झाला का नळ?" दोघांनीही उत्तर दिलं नाही.

"हे मशीन बंद करा," तो अँपकडे, बेसचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, बोट दाखवत म्हणाला.

"अँपचा काही प्रश्न नाही."

"असू दे. गळती शोधताना आधी मेन कॉक बंद करायचा असतो."

मी अँप बंद केला. पाचवा फ्रेट दाबून तार छेडली. आवाज बारीक, पण स्वच्छ. काचेसारखा. पुन्हा छेडली. झरझर नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही, हे त्याचे उपकार. मग मी मोकळी ए तार छेडून पाहिली, अँप सुरू करून. तोच ५५ हर्ट्झ, तीच झर्रर्र. मोकळी तार कुठल्या फ्रेटला घासणार? मान, बाक, सॅडल, कशाचाही संबंध नव्हता. अडीच तासांत एकदा जरी शेजारची तार छेडली असती तरी कळलं असतं. तेवीस वर्षं वाजवतोय मी.

"वाजवत राहा," तो म्हणाला आणि भिंतीला कान लावून चालायला लागला. मी ए वाजवत होतो, एकच सूर, लांब, सावकाश. तो खिडकीच्या काचेवर तळवा ठेवून बघत होता, पंख्याच्या पात्याला बोट लावत होता, कपाटाला गाल टेकवून डोळे मिटत होता. एवढं मन लावून माझं वाजवणं आजवर कोणी ऐकलेलं नाही. कपाटापाशी तो थांबला, स्टुलावर चढला आणि वरच्या पत्र्याच्या डब्यावर हात ठेवला.

झरझर थांबली. हात काढला, सुरू. ठेवला, थांबली. असं त्याने पाच-सहा वेळा केलं. एकदा पुरलं असतं.

त्या डब्यात मी "कधीतरी लागेल" असं सगळं टाकतो. जुने स्क्रू, तुटका स्विच, मेलेल्या ९ व्होल्टच्या बॅटऱ्या. त्याने झाकण उघडलं, आत बोटं घातली आणि पत्र्याला टेकून थरथरणारी वस्तू बाहेर काढली. एल आकाराची, चकचकीत. भोकाशी न नेताच म्हणाला, "दीड सूत."

माझी किल्ली. जी हरवली म्हणून मी अडीच तास चुकीच्या किल्लीने झटत होतो, तीच डब्यात बसून झरझर करत होती, आणि ती झरझर थांबवायला मला तीच किल्ली हवी होती. कोणी कल्पित गोष्टीत लिहिलं असतं तर मी म्हटलं असतं, ओढूनताणून आहे.

"मग याला आधी काय झालं होतं?" त्याने बेसकडे हनुवटी उडवली.

"काही नाही."

"मग आपण काय दुरुस्त करत होतो?"

त्या 'आपण'बद्दल मी त्याचा ऋणी आहे. सकाळपासून पहिल्यांदाच कोणीतरी अर्धा दोष वाटून घेत होतं.

मग तो खाली बसला आणि माझी किल्ली माझ्या बेसला घालून नट पेन्सिलच्या रेघेवर परत आणून ठेवला, केसभरही इकडेतिकडे नाही. सॅडलचे स्क्रू किती फेरे उचलले होते, असं विचारलं. मला आठवत नव्हतं. "खूण नाही केली?" असं जे तो म्हणाला, त्यात अख्ख्या शिक्षणव्यवस्थेबद्दलची निराशा होती. शेवटी त्याने बाकीच्या तीन तारांची उंची नजरेने धरली, ई त्यांच्या अंदाजाने खाली आणली आणि म्हणाला, "घ्या." बाराव्या फ्रेटवर ट्यूनर लावून पाहिला. काटा मधोमध. मला वाटलं होतं निदान तिथे तरी तो चुकेल.

पोऱ्या परतला तो चुकीच्या मापाचा वायसर घेऊन. "उद्या बघू," प्लंबर म्हणाला आणि पिशवी उचलली. येण्याचे पैसे घेतले. बेसचे घेतले नाहीत. तेही मला लागलंच.

रात्रभर तारा आणि लाकूड आपापसांत काय बोलले माहीत नाही. आज सकाळी बेस हातात घेतला तर सातव्या फ्रेटवर बारीक झरझर. अँप बंद केला. तरी झरझर. डबा उतरवून बाहेरच्या खोलीत ठेवला. तरी झरझर. म्हणजे या वेळी खरी, आतली, सुतातली.

मी किल्ली हातात घेतली. पेन्सिल शोधली. मग दोन्ही खाली ठेवून फोन लावला. "साहेब, कालचं काम राहिलंय ना, ते..." असं मी चाचरत सुरू केलं.

पलीकडून पाण्याचा आवाज येत होता. "नळाचं," त्याने विचारलं, "की त्या लाकडाचं?"