राफ्टमधलं स्लॅग आणि सोसायटीचा ठराव

माहीमला माझ्या आत्याच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. राफ्टचं, म्हणजे इमारतीखालच्या जाड सलग पायाचं, काँक्रीट तोंडावर आलेलं असताना सोसायटीच्या ग्रुपवर एक फिरता मेसेज येऊन पडला आणि कमिटीने विशेष सर्वसाधारण सभाच लावली. विषय एकच: 'आमच्या इमारतीत स्लॅग नको, फक्त शुद्ध ओपीसी ५३ सिमेंट हवं' असा ठराव करून बिल्डरच्या हातात द्यायचा. (स्लॅग म्हणजे लोखंडाच्या भट्टीतली मळी, ती दळून सिमेंटसोबत वापरतात; ओपीसी ५३ म्हणजे ती न मिसळलेलं साधं सिमेंट.) मी मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये आहे, रोज क्यूब, म्हणजे काँक्रीटचे नमुना ठोकळे, फोडून ताकद तपासते, म्हणून आत्याने मेसेज मला पाठवला. वाचून संताप आला, कारण हा ठराव झाला तर नुकसान बिल्डरचं नाही, आत्याच्या घराचं आहे.

मेसेज काय म्हणतो ते आधी सांगते. पोलाद कारखान्यांचा विषारी कचरा सिमेंट म्हणून कॉलममध्ये घालतात. त्यातल्या गंधकाने सळया दहा वर्षांत गंजून जातात. पुरावा म्हणून फुटलेल्या काँक्रीटचा फोटो, आतून हिरवट निळा. शिवाय पाडलेल्या इमारतींचं डेब्रिज खडी म्हणून नव्या इमारतीत जातं. हे सगळं बेकायदा आहे आणि फक्त बिल्डरचे पैसे वाचवण्यासाठी चाललंय.

फोटोपासून सुरुवात करते, कारण लोक घाबरलेत ते त्या रंगाला. असा रंग मी जवळजवळ रोज बघते. स्लॅग असलेला दीडशे मिलिमीटरचा क्यूब मशीनमध्ये फुटला की आतला भाग निळसर हिरवा निघतो, आणि जितकं स्लॅग जास्त तितका रंग गडद. स्लॅगमधल्या सल्फाइडमुळे तो येतो. तोच तुकडा हवेत ठेवला की हळूहळू फिकट होत नेहमीसारखा राखाडी होतो, कारण हवेतल्या ऑक्सिजनने सल्फाइडचं रूप बदलतं. रंग दिसला याचा अर्थ एवढाच की काँक्रीट आतून घट्ट आहे आणि तिथवर अजून हवा पोचलेली नाही. हा फोटो विषाचा पुरावा म्हणून फिरवणाऱ्याने ताजा फुटलेला क्यूब आयुष्यात हातात घेतलेला नाही.

आता गंजाचा मुद्दा. सगळ्यात घातक हाच, कारण इथे सत्य बरोबर उलटं आहे.

झोतभट्टीत लोखंड वितळतं तेव्हा वर जो रस तरंगतो, तो पाण्याच्या फवाऱ्याने झटक्यात थंड करतात. त्याची काचेसारखी वाळू होते आणि ती सिमेंटपेक्षाही बारीक दळली की होतं जीजीबीएस, म्हणजे काँक्रीटमध्ये घालायचं ते स्लॅग. चुना, सिलिका, अॅल्युमिना, मॅग्नेशिया: सिमेंटमधलीच घराणी, प्रमाण वेगळं. गंधक असतं, पण त्याला मर्यादा आहे. स्लॅग सिमेंटच्या आयएस ४५५ या भारतीय मानकात सल्फाइडचं गंधक दीड टक्क्याच्या वर चालत नाही, आणि हे मानक १९५३ पासून आहे. काल कुणी काढलेली पळवाट नव्हे.

मुंबईत सळई गंजते ती मुख्यतः समुद्राच्या हवेतल्या क्लोराइडने. ते काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत मुरत जातं आणि सळईपर्यंत पोचलं की गंज धरतो, सळई फुगते, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फुटून पडतं. माहीम-दादरच्या जुन्या इमारतींच्या छज्ज्याखाली मान वर करून बघा. स्लॅगने ही छिद्रं अधिक बारीक होतात आणि क्लोराइडचा काही भाग वाटेतच बांधला जातो. हे माझं मत नाही. आयएस ४५६, म्हणजे आपल्याकडे आरसीसीचं (सळई घातलेल्या काँक्रीटचं) मूळ मानक, २००० सालची आवृत्ती, कलम ८.२.८: समुद्राच्या पाण्यात किंवा थेट किनाऱ्यावर उघडं असलेलं आरसीसी किमान एम ३० हवं (एम म्हणजे ताकदीची श्रेणी, आकडा मोठा तितकी ताकद जास्त), आणि अशा ठिकाणी स्लॅग किंवा पोझोलाना (राखेसारखी पूड मिसळलेलं) सिमेंट फायद्याचं. माहीमच्या सोसायटीने नेमकं तेच नको म्हणून ठराव करायचा? शिवाय जाड राफ्टमध्ये नुसतं ओपीसी ५३ ओतलं तर ते आतून किती तापेल आणि थंड होताना तडे जायची भीती किती वाढेल, याचा त्या मेसेजमध्ये एक शब्द नाही.

डेब्रिजच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. जुनं काँक्रीट फोडून केलेल्या खडीला जुना मसाला चिकटलेला असतो, ती पाणी जास्त पिते, आणि किनाऱ्यावरच्या इमारतीची असेल तर मीठ सोबत घेऊन येते. न तपासता कुणी ती वापरत असेल तर ओरडायलाच हवं. पण मोकळं रान कुणी दिलेलं नाही. खडी-वाळूचं मानक आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीत आरसीसीमध्ये अशी खडी जास्तीत जास्त वीस टक्के, तीही फक्त एम २५ पर्यंत. विटा-प्लास्टर मिसळलेलं डेब्रिज आरसीसीत शून्य. ते फक्त एम १५ च्या खालच्या पीसीसीत, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटमध्ये. पोलाद भट्टीचं स्लॅग (जीजीबीएसच्या झोतभट्टीच्या स्लॅगपेक्षा वेगळं) खडी म्हणून आरसीसीत तेही शून्य, कारण त्यातला मोकळा चुना नंतर फुगतो. आता वरचं कलम आठवा: किनाऱ्यावर उघड्या आरसीसीला किमान एम ३०. टॉवरचे कॉलम तर त्याहून बरेच वरचे. म्हणजे नियमाने चाललं तर डेब्रिजची खडी आत्याच्या कॉलममध्ये जाऊच शकत नाही.

बेकायदा म्हणण्यावर वेगळं लिहायची गरज उरली नाही.

पैसे? हो, जीजीबीएस सिमेंटपेक्षा स्वस्त पडतं आणि बिल्डरचे वाचतात. वाचू देत. स्वस्त आहे म्हणून वाईट, हे कोणत्या हिशोबाने? स्लॅगची खरी अडचण मेसेजवाल्याला सापडलीच नाही. हे काँक्रीट सुरुवातीला ताकद हळू धरतं. सात दिवसांचा क्यूब कमी येतो, अठ्ठावीसला भरून निघतो, छप्पन्नला अजून चढतो. म्हणून सेंट्रिंग (काँक्रीटखालचे आधाराचे साचे) काढायची घाई आणि पाणी मारायचा आळस त्याला ओपीसीपेक्षा जास्त भोवतो. साइटवर घाई आणि आळस दोन्ही भरपूर असतात.

तेव्हा आत्या, सभेत ठराव करायचाच असेल तर हे मागा. मिक्स डिझाइनची (काँक्रीटमध्ये काय किती घालायचं त्या हिशोबाची) प्रत, त्यात जीजीबीएसची टक्केवारी लिहिलेली. प्रत्येक लॉटचं टेस्ट सर्टिफिकेट. खडी कुठल्या खाणीची, त्याचा कागद. अठ्ठावीस आणि छप्पन्न दिवसांचे क्यूब रिपोर्ट, शक्य तर सोसायटीने निवडलेल्या लॅबचे. ओतण्याआधी सळईखालचे कव्हर ब्लॉक मोजून घेणारा सोसायटीचा माणूस. आणि क्युअरिंग, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवणं: स्लॅग असेल तर आयएस ४५६ किमान दहा दिवस सांगतं आणि ते चौदापर्यंत न्यावं अशी शिफारस करतं. राफ्टवर पाण्याचे आळे आणि कॉलमला ओलं गोणपाट चौदा दिवस राहिलं की नाही, याची तारीखवार नोंद साइट इंजिनिअरच्या सहीने दर आठवड्याला कमिटीकडे आली पाहिजे.