मोठा मॅनिफोल्ड म्हणजे जास्त पॉवर? कितव्या आरपीएमला, ते आधी सांगा

भाच्याने गाडीचा सक्शन मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा पाइपांचा जोड, खोलला, त्यातले चारही रनर (प्रत्येक सिलिंडरकडे जाणारा एकेक पाइप) ग्राइंडरने आतून मोठे केले, परत बसवला आणि दोन दिवसांनी मला फोन, "मामा, गाडीचा पिकअपच गेला." कोणी सांगितलं होतं हे करायला, असं विचारल्यावर त्याने तो मेसेज पाठवला, जो मला स्वतःलाच आत्तापर्यंत चार-पाच जणांनी पाठवलाय. मेसेज म्हणतो की मॅनिफोल्ड जितका मोठा तितकी पॉवर जास्त, आणि तीही प्रत्येक आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला कितीही फेरे फिरत असो. कंपन्या मुद्दाम बारीक रनर देऊन इंजिनाचा गळा दाबतात, आतून आरशासारखं पॉलिश केलं की फुकटात पॉवर मिळते, मायलेजही वाढतं, आणि बाकी काही बिघडलं तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, आपोआप सांभाळून घेतं. इतके दिवस सोडून दिलं, पण आता घरातल्याच पोराने चांगली चालती गाडी यापायी बिघडवून ठेवली म्हटल्यावर लिहितोच.

पहिलाच मुद्दा सगळ्यात चुकीचा आहे, "प्रत्येक आरपीएमला" हा. पाइप मोठा केला म्हणून सिलिंडर मोठा होत नाही. ५०० सीसीचा सिलिंडर एका सक्शन स्ट्रोकला साधारण तेवढीच हवा घेणार, प्रश्न एवढाच की ती किती नीट भरते. आणि इथे लोक एक गोष्ट विसरतात, की सक्शन व्हॉल्व्ह पिस्टन खाली पोचल्या पोचल्या बंद होत नाही, त्यानंतर क्रँक आणखी ४०-६० अंश फिरेपर्यंत तो उघडाच असतो. म्हणजे पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि दार अजून उघडं. रनरमधली हवा जोरात येत असेल तर ती स्वतःच्या वेगाने त्या चढत्या पिस्टनवरही आत घुसत राहते, वेग नसेल तर पिस्टन तीच हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. खालच्या आरपीएमचा टॉर्क राहतो की जातो ते बरंचसं इथे ठरतं.

आता हिशोब करा, वहीच्या पानावर होतो. ८६ मिमी बोअर, ८६ मिमी स्ट्रोक, म्हणजे जवळपास ५०० सीसी. २००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ५.७ मीटर. रनर ३८ मिमीचा असेल तर त्यात हवा साधारण २९ मीटरने धावते. तोच रनर ४५ मिमीचा केला की २१ मीटर. व्यास वाढवला फक्त ७ मिमी आणि वेग गेला पाव हिश्शाहून जास्त, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते, म्हणजे हवेच्या प्रत्येक ग्रॅममागचा जोर जवळजवळ निम्मा झाला. रोज सिग्नलवरून गाडी उचलताना, चढाला, भरलेल्या गाडीत आपण याच २००० च्या आसपास असतो. भाचा म्हणाला पहिल्या गिअरला हाफ क्लचवर रेस दिल्याशिवाय गाडी हलत नाही, तर दुसरं काय होणार होतं?

हो, यात अर्धं खरं आहे, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल एकाच बाजूचं लिहिलं. ७००० आरपीएमला त्याच ३८ मिमीच्या रनरमध्ये हवा सरासरी १०३ मीटरने धावते, तिथे तो खरंच अडवायला लागतो, आणि ४५ वाला ७३ वर असल्यामुळे मोकळा श्वास घेतो. शिवाय पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. ३००० ला १५० न्यूटन मीटर म्हणजे ४७ किलोवॅट, आणि ६५०० ला फक्त १३० न्यूटन मीटर असले तरी ८८ किलोवॅट भरतात. म्हणून मोठ्या मॅनिफोल्डचं इंजिन कागदावर जास्त पॉवर दाखवतं, ते खोटं नाही. पण ती पॉवर वरच्या टोकाला आहे आणि तिची किंमत खालच्या टोकाने मोजलेली आहे, हे मेसेजमध्ये कुठे लिहिलंय? रेसचं इंजिन कायम वरच फिरतं, त्याला खालचं गेलं तरी चालतं.

ज्याला माझ्या हिशोबावर विश्वास नाही त्याने १९६० ची क्रायस्लर ३००-एफ बघावी. ४१३ घन इंचाचं व्ही-८, म्हणजे सुमारे ६.८ लिटर, आणि त्यावर ३० इंच लांबीचे रॅम रनर. त्यात ३७५ हॉर्सपॉवर आणि २८०० आरपीएमला ४९५ पाउंड-फूट टॉर्क. त्याच गाडीला दुसरा पर्याय होता, बाहेरून मॅनिफोल्ड तसाच लांब, पण आतली भिंत कापून रनरची कामाची लांबी १५ इंचांवर आणलेली. त्यात पॉवर गेली ४०० वर, पण टॉर्क उतरला ४६५ वर आणि तोही मिळायला लागला ३६०० ला. घनफळ तेवढंच, वर २५ हॉर्सपॉवर कमावले आणि खाली ३० पाउंड-फूट घालवले. हा लांबीचा दाखला आहे, व्यासाचा नाही, हे मान्य. पण सौदा तोच आहे, बारीक आणि लांब रनर खालच्या आरपीएमला, रुंद आणि आखूड वरच्या. मॅनिफोल्ड विकणारेसुद्धा हे लपवत नाहीत, एडेलब्रॉक ही कंपनी आपल्या व्ही-८ च्या 'परफॉर्मर' मॅनिफोल्डला आयडल ते ५५०० असा आरपीएमचा पट्टा देते आणि 'परफॉर्मर आरपीएम' नावाच्या मॅनिफोल्डला १५०० ते ६५००. दोन्हीकडे सगळं मिळत असतं तर पट्टा कशाला दिला असता?

कंपन्या गळा दाबतात हा मुद्दा. बॉनेटखालची जागा, आवाज, खर्च, प्रदूषणाचे नियम यांच्यापुढे कंपनीला तडजोड करावी लागते, एवढं खरं. पण मुद्दाम? टोयोटाने १.६ लिटरच्या ४ए-जीई इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन रनर दिले आणि खालच्या आरपीएमला त्यातला एक झडपेने बंद ठेवला, टी-व्हिस म्हणतात त्याला, कारण मोठ्या पोर्टमुळे (हेडमधलं हवा आत घेणारं भोक) खाली वेग मिळत नव्हता. आणि १९८९ मध्ये त्यांनी काय केलं, तर ती झडपच काढून टाकली आणि पोर्ट लहान केले, तरी पॉवर आधीपेक्षा वाढली. कॉम्प्रेशनही वाढवून १०.३ केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पोर्टला देणार नाही, पण मोठं म्हणजेच पॉवर हे तिथेच खोटं पडतं.

पॉलिशचं थोडक्यात. पोर्ट इंजेक्शनच्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्व्हच्या जवळ असतो, त्यामागच्या रनरमधून नुसती कोरडी हवा जाते. कास्टिंगचे उंचवटे, शिवण काढली तर ठीक, आरशाने काही मिळत नाही. मायलेजवर तर बोलूच नये, पिकअप गेलेल्या गाडीला माणूस जास्त रेस देतो, गिअर खाली टाकतो, पेट्रोल जास्तच जाणार.

राहिला ईसीयू. तो पेट्रोल कमीजास्त करतो, इग्निशन मागेपुढे करतो, पण रनरमधला हवेचा वेग त्याच्या हातात नाही. आणि मॅनिफोल्ड घासल्यावर त्याचा फेस, म्हणजे हेडला टेकणारी बाजू, सपाट राहिला नाही, तर गॅस्केटमधून चोरटी हवा शिरते, ज्या गाडीला एअर फ्लो सेन्सर आहे तिथे ही हवा मोजलीच जात नाही, मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि आयडलिंग हलायला लागतं. ईसीयू एका मर्यादेपर्यंत भरपाई करतो, त्यापुढे चेक इंजिनचा दिवा लावतो.

भाच्याचा मॅनिफोल्ड मी उतरवला तेव्हा हेडच्या पोर्टपाशी नख फिरवून पाहिलं, नख अडकत होतं, कारण रनर मोठा झालेला आणि हेडचं भोक होतं तेवढंच, मध्ये सरळ पायरी. तिसऱ्या रनरची भिंत एका बाजूला इतकी पातळ झालेली की अंगठ्याने दाबली तरी लवत होती. आणि प्लेनमच्या, म्हणजे सगळे रनर जिथून निघतात त्या डब्याच्या, कोपऱ्यात तेलकट थरात चिकटलेली ॲल्युमिनियमची चकचकीत पावडर, चिमूटभर तरी होती, जी राहिली नव्हती ती इंजिनाने ओढून घेतलेली. हे त्या मेसेजमध्ये कुणीच लिहीत नाही.

त्याला मी मूळचा दुसरा मॅनिफोल्ड मिळवून दिला, नवीन गॅस्केट, फेस पट्टी लावून तपासलेला. काल आम्ही त्याच चढावर गेलो, दुसऱ्या गिअरला, १८०० आरपीएम, क्लच पूर्ण सोडलेला, आणि गाडी कुरकुर न करता वर गेली.