सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेताय? टोकन द्यायच्या आधी चेसिस नंबरवर रिकॉल बाकी आहे का बघा

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेणारा माणूस सगळं विचारतो. किती चाललीय, कितवा मालक, ठोकलीय का, टायर कधीचे, कर्जाचं हायपोथिकेशन उतरलंय का. एकच प्रश्न राहतो, या चेसिस नंबरवर कंपनीचा एखादा रिकॉल अजून ओपन आहे का, म्हणजे कंपनीनं फॉल्ट दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या आणि या गाडीचं ते काम बाकी आहे का. नवी मुंबईत अशा गाड्या किती वाढल्यात ते रविवारी सकाळी पाम बीच रोडला उभं राहिलं की कळतं, आणि यातल्या बऱ्याच दुसऱ्या तिसऱ्या हातातल्या असतात, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

एवढी महागडी गाडी, तिच्यात कसला आलाय फॉल्ट, हा समज आधी डोक्यातून काढा. पोर्शे ९११ जीटी३ घ्या. २०१४ च्या सुरुवातीला युरोपात दोन गाड्या पेटल्या आणि कंपनीनं जगभरातल्या सगळ्या ७८५ मालकांना सांगितलं की गाडी चालवूच नका. कनेक्टिंग रॉडचा स्क्रू ढिला होत होता, त्यानं इंजिनची बॉडी फुटायची, तेल बाहेर यायचं आणि पेट घ्यायचं. शेवटी सगळ्यांची इंजिनंच्या इंजिनं बदलून दिली. त्याच्या आधी २०१० ला फेरारी ४५८ इटालिया, चाकाच्या वरच्या हीट शील्डचा गोंद तापून आग लागत होती, तिथे गोंद काढून रिव्हेट मारले. आणि २०२२ ला फेरारीनंच ब्रेक फ्लुइडच्या टाकीच्या झाकणासाठी रिकॉल काढला, झाकणातून हवा नीट खेळत नव्हती, टाकीत व्हॅक्यूम होऊन फ्लुइड लीक व्हायची भीती होती, म्हणजे ब्रेकच जायचे. एकट्या अमेरिकेत २३,५५५ गाड्या आणि त्यात २००५ पासूनची मॉडेलं! सतरा वर्षं गाडी चालली, सर्व्हिस बुक चकाचक, आणि मग रिकॉल आला. म्हणून जुन्या सर्व्हिस हिस्टरीवर विसंबून चालत नाही, आज काय ओपन आहे ते आजच बघावं लागतं.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगची. ती फुगवायला अमोनियम नायट्रेट वापरलेलं, उष्णतेनं आणि दमट हवेनं ते वर्षानुवर्षं खराब होत जातं, आणि मग एअरबॅग उघडताना ती फुगवणाऱ्या इन्फ्लेटरचं धातूचं कवचच फुटून तुकडे थेट माणसाच्या मानेत, तोंडावर. एकट्या अमेरिकेत २५ पेक्षा जास्त माणसं गेलीत यात. जुन्या मस्टँग, चॅलेंजर, २००० च्या दशकातल्या बीएमडब्ल्यू एम३, सगळ्या त्या रिकॉलच्या यादीत आहेत. अमेरिकेत फ्लोरिडा, हवाई अशा गरम आणि दमट भागातल्या गाड्यांना आधी नंबर दिला होता. आता आपली हवा आठवा, खाडीकाठची, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते ती हवा. त्या हवेत या गाड्या बिल्डिंगच्या पोडियम पार्किंगला कव्हर घालून वर्षानुवर्षं उभ्या आहेत.

कोणी म्हणेल हे श्रीमंतांचे प्रॉब्लेम. अजिबात नाही. याच टाकाटाच्या एअरबॅगसाठी आपल्याकडे होंडा सिटी, जॅझ, सिविकचे पण रिकॉल झालेत, आणि घोडबंदर रोडला उतारावर एखाद्याचे ब्रेक गेले तर पुढे स्कूटीवर असतो तो आपल्यातलाच कोणीतरी.

माझ्या मावसभावाचा मुलगा घणसोलीला राहतो, तो अशीच एक दोन दरवाज्यांची इम्पोर्टेड गाडी घेत होता, कंपनी कुठली ते सोडा. बघायला मला घेऊन गेला. डीलर म्हणाला, "काका, काही बघायची गरज नाही, सर्टिफाइड गाडी आहे." तरी मी मोबाइलचा टॉर्च लावून पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यातला चेसिस नंबर वाचला, सतरा अक्षरं आकडे, आरसीवरच्या नंबरशी एकेक जुळवला. इग्निशन ऑन करून एअरबॅगचा दिवा बघितला, तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर समजायचं की कोणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर तोडलीय, ठोकलेल्या गाड्यांत हे सर्रास करतात. दिवा ठीक होता. मग ऑथोराइज्ड वर्कशॉपला फोन लावून चेसिस नंबर सांगितला. ॲडव्हायजरनं सिस्टिमला टाकला आणि म्हणाला, "सर, यावर एक कॅम्पेन ओपन दिसतंय, पॅसेंजर साइडची एअरबॅग. लेटर पण गेलंय, पहिल्या ओनरच्या दिल्लीच्या पत्त्यावर."

कॅम्पेन म्हणजे रिकॉलच. सगळी गोम इथेच आहे. पत्र पहिल्या मालकाला जातं आणि गाडी तोवर तिसऱ्याकडे पोचलेली असते. पोरानं टोकन दिलं नाही, आधी काम करून घ्या म्हणाला. पार्ट यायला वेळ लागला पण काम झालं, जॉब कार्डची कॉपी हातात आली, मगच व्यवहार केला. एक रुपया लागला नाही. रिकॉलचं काम फुकट असतं, वॉरंटी संपलेली असो की तुम्ही कितवेही मालक असा.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे २०१२ पासून सियाम या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा रिकॉलसाठी ऐच्छिक कोड होता, मग २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं, आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला रिकॉल काढायला भाग पाडू शकतं, दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. चांगलंच आहे. पण ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. स्पोर्ट्स कार कमी चालते, जास्त टिकते आणि सातव्या आठव्या वर्षीच बाजारात फिरायला लागते, एअरबॅगचं रसायन तर वय वाढेल तसं जास्त बिघडतं. जिथे धोका वाढतो तिथेच कायदा हात काढून घेतो, हे मला पटत नाही.

तपासायला फार वेळ लागत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या भारतातल्या साइटवर चेसिस नंबर टाकायची सोय असते, नसेल तर कस्टमर केअरला मेल करा आणि उत्तर लेखीच मागा, फोनवरच्या "काही नाही सर" वर जाऊ नका. नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, म्हणजे गोल दिसलं की शून्य आणि उभी रेघ दिसली की एक. अमेरिकेच्या सरकारी साइटवर नंबर टाकून निर्धास्त होऊ नका, ती तिथल्या बाजारातल्याच गाड्या दाखवते. दुबईहून वगैरे आलेली गाडी असेल तर त्या देशातल्या कंपनीला पण विचारा. आणि वर्षातून दोनदा तरी परत बघा.

पण हे सगळं एकट्या गिऱ्हाइकानं का करायचं? गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० भरताना आरटीओ इन्शुरन्स बघतं, पीयूसी बघतं, बँकेची एनओसी बघतं. चेसिस नंबर सरकारच्या 'वाहन' या नोंदणीच्या सिस्टिमला आहेच, कंपन्यांकडे ओपन रिकॉलची यादी आहेच. दोन्ही जोडा आणि ट्रान्सफरच्या वेळी घेणाऱ्याला स्क्रीनवर दिसू द्या. जपाननं २०१८ पासून टाकाटाची एअरबॅग न बदललेल्या गाड्यांना तपासणीतच पास करणं बंद केलं. आपल्याकडे निदान वाशीच्या आरटीओत नाव बदलायला आलेल्या माणसाला एवढं तरी कळू दे की त्याच्या गाडीचं काम बाकी आहे.