मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि ‘उद्यापासून बिनचष्म्याची सायकल’

फेको म्हणजे बारीक चिरेतून अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून काढायचं ऑपरेशन. त्याबद्दल सध्या एक संदेश सगळीकडे फिरतो आहे: ‘फेकोला टाके नसतात, दुसऱ्या दिवशी सायकल काढा. नवी लेन्स बसली, चष्मा कायमचा सुटला.’ यातलं टाक्यांचं तेवढं बहुतेक वेळा खरं असतं.

‘टाके नाहीत, म्हणजे जखम नाही.’ जखम असते. फेकोची चीर साधारण २.२ ते २.८ मिलिमीटरची असते आणि ती तिरकी घेतात. डोळ्यातल्या दाबानेच तिच्या कडा एकमेकींवर दाबून बसतात, म्हणून टाका लागत नाही. पण मिटलेली चीर म्हणजे भरून आलेली चीर नव्हे. डोळा चोळला किंवा पडून मार बसला तर ती उघडू शकते. सायकलवर कपाळाचा घाम डोळ्यात उतरतो आणि हात आपोआप चोळायला जातो, खरी भीती त्याची आहे. म्हणून पहिला आठवडा फक्त चालणं, आणि झोपताना डोळ्यावर शील्ड, म्हणजे संरक्षक झाकण. पुढे घरातली स्थिर सायकल, ताठ बसून, कपाळाला घामपट्टी बांधून. रस्त्यावर उतरायचं ते तपासणीत डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच. खडबडीत वाटा सगळ्यात शेवटी. मोठ्या चिरेचं ऑपरेशन झालं असेल तर आणखी थांबावं लागतं.

‘चष्मा कायमचा सुटला.’ साधी मोनोफोकल लेन्स एकाच अंतरावर नेमकं दाखवते, बहुधा लांबचं. खड्डा दुरून दिसेल, पण हात-दीड हातावरच्या सायकलच्या मीटरचे आकडे पुसट राहतील. चेनची लिंक जोडायला तर +२ ते +२.५ चा चष्मा लागेल. तो टूलकिटमध्येच ठेवा. नंबर स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, त्याआधी कायमचा चष्मा करून पैसे घालवू नका.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल आणि दुसऱ्याला −५ सारखा मोठा नंबर असेल, तर दोन्ही डोळ्यांचा मेळ बसत नाही. खड्डा किती लांब आहे याचा अंदाज चुकतो. दुसऱ्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

‘नंबर नाही, मग डोळ्यांवर काहीच नको.’ हे सगळ्यात घातक. जुना चष्मा वारा, धूळ, चिलटं अडवत होता, तो आडोसाच गेला. त्यात चिरेमुळे बुबुळाच्या काही बारीक नसा तुटतात आणि डोळा काही आठवडे, कधी काही महिने कोरडा पडतो. वाऱ्यात तो जास्तच चुरचुरतो. बाजूंनी वळलेला, बिननंबरी पॉलिकार्बोनेट गॉगल घाला. अंधार पडल्यावर गडद काच नको, पारदर्शक हवी.

‘थोडी लाली चालायचीच.’ पहिले काही दिवस किंचित खुपणं ठीक. पण दुखणं किंवा लाली वाढत गेली, नजर मंदावली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. विजेसारखी चमक, अचानक वाढलेले काळे ठिपके, कडेने पडदा सरकल्यासारखं वाटणं, ही दृष्टिपटल (रेटिना) सुटण्याची लक्षणं असू शकतात. सायकल तिथेच सोडा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.