बेडकाचा राग भुंगेऱ्यांवर कशाला?

‘पुस्तकी विद्वानांनी भुंगेरे सोडायला सांगायचं आणि पैसे आम्ही घालवायचे. बेडूक सोडून ऑस्ट्रेलियाची काय गत झाली ते आधी वाचा,’ ही माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. लेख होता पिठ्या ढेकूण या झाडाचा रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीवर, ती खाणारे क्रिप्टोलिमस भुंगेरे बागेत सोडण्याबद्दल. वाचू देत सगळ्यांना. पिठ्या ढेकणाने भरलेल्या फांद्या चाळण्यात केस पांढरे झालेत माझे, तेव्हा ‘पुस्तकी’ जरा जपून. मुद्दा खवचटपणा न करताही मांडता येतो.

बेडकाचंच घ्या. 1935 साली हवाईहून क्वीन्सलँडमध्ये केन टोड आणले ते उसाचे भुंगे खायला. भुंगे उंच पानांवर, त्यांच्या अळ्या जमिनीत मुळांशी, आणि बेडूक मधे जमिनीवर. गाठ पडणार कशी? वर तोंडात मावेल ते गिळणारा प्राणी. तो प्रयोग फसला, मान्य. पण त्याच ऑस्ट्रेलियातून 1888-89 मध्ये व्हेडालिया ढालकिडा कॅलिफोर्नियाला गेला आणि खवले किडीने बसलेल्या लिंबूवर्गीय बागा सावरल्या. कारण तो जवळजवळ तेवढीच कीड खातो. मित्रकीटक कुठून आला यापेक्षा तो किती चोखंदळ आहे हे बघायचं असतं. लेखात हे लिहिलेलं होतं, असो. हार्लेक्विन ढालकिड्याचं नाव घेतलं असतंत तर निमूट ऐकलं असतं. मावा खायला नेलेला तो किडा युरोप-अमेरिकेत स्थानिक ढालकिड्यांच्याच मुळावर उठलाय.

आता तुमच्या बागेचं. ‘क्रिप्टोलिमस आठवड्यात दिसेनासे झाले, महिन्याने पांढरे किडे उलट मोठे झाले, मग फवारणी केली.’ अहो, ते मोठे पांढरे किडे म्हणजे बहुतेक क्रिप्टोलिमसच्याच अळ्या! अंगावर मेणाचे पांढरे तंतू, दिसायला हुबेहूब पिठ्या ढेकूण. पण लांबी सेंटिमीटरच्या आसपास, आणि काडीने डिवचलं की तुरुतुरु पळतात. ढेकूण याच्या निम्माही नसतो आणि फारसा हलत नाही. मारलंत ते कुणाला, बघा.

पुन्हा सोडणार असाल तर आधी मुंग्या आवरा. ढेकणातून झरणाऱ्या गोड चिकट्यासाठी त्या त्याची राखण करतात, भुंगेऱ्यांना टिकू देत नाहीत. खोडाला चिकट पट्टी बांधा आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर पट्टी चुकवून तिथूनच चढतात. पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक मारलं असेल तर त्याचा अंश ओसरेपर्यंत थांबा. बुप्रोफेझिन हे कीटकनाशकही नको, प्रौढ भुंगेरे वाचतात पण पुढची पिढी खुंटते. सोडायचे संध्याकाळी, कीड असलेल्याच झाडांवर, झाडामागे साधारण 10. मादी अंडी घालते ती ढेकणाच्या कापसासारख्या पुंजक्यात. पुंजकेच नसतील तर ती तिथे थांबेल कशाला? थंडीत भुंगेऱ्यांचं काम रेंगाळतं, ही तुमची तक्रार तेवढी रास्त आहे.

खर्चाचं आत्ता बोलत नाही. त्या फवारणीचा खर्च कुठल्या खात्यात धरलात ते आधी कळवा.